सेविचे: आठ माणसं, २८ जून

३ मे २०२५, शनिवार. बार्रान्को, लिमा

घरमालकीण सेन्योरा पाण्याचं बिल द्यायला वर आली तेव्हा मी काबाया तळत होते. काबाया म्हणजे इथला बांगडा, आपल्यापेक्षा जरा लांबट. तिने तव्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "इहिता, समुद्राकाठची ना तू? मग यंदाचं २८ जूनचं सेविचे तू करायचं." इहिता म्हणजे पोरी. २८ जून हा पेरूचा राष्ट्रीय सेविचे दिवस. जेवायला आठ जणं. मी हो म्हणून बसले.

मी रत्नागिरीची. मिरकरवाड्याच्या बंदरावर आईबरोबर पिशवी धरून उभं राहण्यात लहानपण गेलं, त्यामुळे मासळी पारखता येते, साफ करता येते, कालवणही बरं जमतं. पण आमच्याकडे मासा कच्चा असतो तो हळद-मीठ लावून तव्याची वाट बघत असतो तेवढाच वेळ. इथे तो तसाच पानात येतो. माशाचे चौकोनी तुकडे, मीठ, लिंबाचा रस, लाल कांदा, आहि लिमो ही मिरची आणि कोथिंबीर. बाजूला उकडलेलं रताळं, टपोऱ्या दाण्यांचा उकडलेला मका (चोक्लो) आणि भाजलेला कुरकुरीत मका (कान्चा). गॅस लागतो तो रताळ्यामक्यापुरता.

दोन वर्षांत हॉटेलात खूपदा खाल्लंय, नेहमी दुपारीच. सेविचेची हॉटेलं संध्याकाळच्या आत बंद होतात. पहाटे आलेली मासळी दुपारपर्यंत संपवायची हा जुना हिशेब, आता शीतकपाटं आली तरी मोडलेला नाही.

हातात आठ आठवडे आहेत. दर शनिवारी एक प्रयोग आणि ही वही.

१० मे

पहिला प्रयोग. कोहिनोवा या इथल्या माशाची अर्धा किलो तुकडी, दोन सेंटिमीटरचे तुकडे, वाडगाभर लिंबाचा रस, वर झाकण. आपल्याकडे मुरवण म्हटलं की जितकं जास्त तितकं चांगलं, म्हणून चार तास ठेवलं.

तुकडे खडूसारखे पांढरे झाले. बाहेरून चामट, आत भुसभुशीत, आणि माशाची चव कुठेच नाही, नुसतं आंबट. त्यातला कांदाही मरगळला. अर्ध्याहून जास्त टाकलं.

सेन्योरा हसली, पण मग म्हणाली की तिची आईही असंच करायची. सकाळी लिंबात घालून ठेवायचं ते जेवणाच्या वेळी काढायचं. तासन्‌तास मुरवण्याची पद्धत लिमात काही दशकांपूर्वीपर्यंत सर्रास होती. ती मिनिटांवर कोणी आणली यावरून इथे जेवणाच्या टेबलावर वाद होतात. कोणी पेद्रो सोलारी या इथल्या स्वयंपाक्याचं नाव घेतं, कोणी जपानी वंशाच्या स्वयंपाक्यांचं. जपानी मजुरांचं पहिलं जहाज, 'साकुरा मारू', १८९९ मध्ये पेरूला लागलं. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी इथल्या माशावर जपानी सुरी चालवली. मासा जवळजवळ कच्चाच खाण्यात त्यांना भीती नव्हती. मला हा दुसरा गट जास्त पटतो.

१७ मे

आज फक्त लिंबं.

इथलं लिंबू, लिमोन सुतील, म्हणजे आपलं कागदी लिंबूच. जात तीच. आशियातून अरबांबरोबर स्पेनला आणि स्पॅनिश लोकांबरोबर इथे आलेलं. कांदा आणि कोथिंबीरही त्याच बोटींनी आली. मिरची, मका, रताळं मात्र आधीपासून इकडचं, आणि ते उलट्या दिशेने आपल्याकडे पोचलं. म्हणजे या ताटातला एकही जिन्नस माझ्या आईला नवा नाही. तरी तिला फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली, "कच्चा? काय गो, गॅस संपला काय?"

लिंबू येण्याआधी इथल्या किनाऱ्यावरचे लोक मासा आंबट फळांच्या रसात घालत असं सांगतात. मोचे या इथल्या प्राचीन संस्कृतीच्या काळापर्यंत, म्हणजे दोन हजार वर्षं मागे, धागा नेतात. असेल.

रस काढण्यात चूक कळली. गेल्या वेळी मी लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं होतं, आपण पन्ह्या-सरबताला पिळतो तसं. सालीतला आणि पांढऱ्या गरातला कडूपणा रसात उतरला. सेन्योरा लिंबू अर्धं कापते, एकदाच दाबते आणि टाकून देते. मला ते बघवत नाही. टाकलेल्या फोडी मी गोळा करून मिठात घातल्या, लोणचं होईल.

एका लिंबातून फार तर पंधरा मिलिलिटर रस निघतो. आठ माणसांना चाळीस-पन्नास लिंबं लागणार. रस आयत्या वेळीच काढायचा, कारण काढून ठेवला की तासाभरात कडवट होतो. आज दोन पेल्यांत ठेवून पाहिला, ताजा आणि दोन तासांचा. डोळे मिटूनही फरक कळला.

सेन्योरा मूळची उत्तरेची, पिउरा प्रांतातली. देशातली बरीचशी लिंबं तिकडूनच येतात. त्याच प्रांतातल्या ताम्बोग्रान्देत एका परदेशी कंपनीला गावाखालचं सोनं-तांबं काढायचं होतं. २ जून २००२ रोजी गावाने स्वतःच मतदान घेतलं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी खाणीला नकार दिला. घोषणा होती, 'सिन लिमोन, नो आय सेविचे': लिंबू नाही तर सेविचे नाही. मी पोटासाठी खाणींच्याच सॉफ्टवेअरवर काम करते. सेन्योराने हे सगळं माझ्याकडे न बघता सांगितलं.

२४ मे

वेळेचा प्रयोग. एकाच कोहिनोवाचे दोन सेंटिमीटरचे पंधरा तुकडे, पाच वाट्या, प्रत्येकीत सारखा रस, मोबाइलवर घड्याळ. ठरल्या वेळेला तुकडा काढून मधोमध कापायचा आणि पांढरी कड पट्टीने मोजायची.

२ मिनिटं: पृष्ठभाग धुरकट, कड मोजण्याजोगी नाही.
५ मिनिटं: जेमतेम एक मिलिमीटर.
१० मिनिटं: दोनच्या आसपास. आत अजून काचेसारखं.
३० मिनिटं: चार. मधे चण्याएवढा कच्चा ठिपका.
दोन तास: आरपार पांढरं.

मला पाच ते दहाच्या मधलं आवडलं. बाहेर किंचित घट्ट, आत लुसलुशीत, आणि मासा माशासारखा लागतो.

रसाचा सामू (pH) दोन ते अडीच, माशाच्या मांसाचा साडेसहाच्या आसपास. एवढं आम्ल लागलं की प्रथिनांच्या गुंडाळ्या सुटतात, सुटलेले धागे एकमेकांत अडकतात, पाणी बाहेर पिळलं जातं. प्रकाश आरपार जाईनासा होतो म्हणून मांस पांढरं दिसतं. तव्यावरही हेच घडतं, म्हणून सगळे म्हणतात की लिंबू मासा 'शिजवतं'. मीही परवापर्यंत म्हणत होते. पण कडेला जे झालंय ते आत झालेलंच नाही, हे पट्टीने मोजल्यावर दिसलं. दहा मिनिटांचा तुकडा म्हणजे पांढरा सदरा घातलेला कच्चा मासा.

मीठ आधी की रस आधी, तेही पाहिलं. मीठ आधी चोळून दोन मिनिटं थांबलं तर चव आत बसते. रसानंतर घातलेलं मीठ रसातच राहतं.

३१ मे

आजची नोंद लांबणार.

पहाटे साडेपाचला चोर्रियोसच्या कोळ्यांच्या धक्क्यावर गेले. बार्रान्कोहून चालत अर्धा तास. धुकं इतकं की होड्या आवाजावरून ओळखायच्या. लिमाचा हिवाळा असाच, पाऊस नाही, नुसती ओल. पेलिकन पक्षी माणसांसारखे रांगेत उभे. विकणाऱ्या बाईला 'कासेरा' म्हणायचं, ती आपल्याला 'कासेरिता' म्हणते. नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीची कोळीण, दोघींना एकच शब्द.

लेंगुआदो होता. तो आपल्या लेपासारखा चपटा, दोन्ही डोळे एका बाजूला. लिमातल्या नामांकित सेविचेचा मासा हाच. पण भाव ऐकून पुढे सरकले. कोरविना होती, आपल्या घोळीच्या कुळातली, पांढरी आणि घट्ट. बोनितो होता, कुप्याच्या नात्यातला, लालभडक. बोनितो आणि काबाया यांची एक खोड लक्षात ठेवायची. धरल्यापासून बर्फात नसतील तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, खाल्लं की तोंड लाल, डोकं ठणकतं. ते गोठवून जात नाही, लिंबाने जात नाही, शिजवूनही जात नाही. टोपलीत बर्फाशिवाय पडलेल्या बोनितोकडे मग मी पाहिलंच नाही.

स्वस्त म्हणून हुरेल नावाचा मासा घेतला. कल्ले लाल, डोळा फुगीर, दाबलं की खड्डा राहत नाही. आईनेही घेतला असता.

घरी तुकडी काढली आणि पोटाकडच्या मांसात एक पांढरट कडी दिसली. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळी. सुरीच्या टोकाने काढली तर हलली. अनिसाकिस, माशातली परजीवी अळी. सरळ केली तर दोन सेंटिमीटर भरली. दुसऱ्या बाजूला आणखी एक.

ओटा धुतला, मासा कालवणात गेला (उकळल्यावर अळी जगत नाही) आणि मी खुर्चीत बसून राहिले. मग एक वाईट वाटणारा पण आवश्यक प्रयोग केला. अळी वाटीभर लिंबाच्या रसात टाकली. दहा मिनिटांनी हलत होती. तासाभराने हलत होती. जेवून आले, तेव्हाही.

मासा ताजा होता, मी पारखून घेतला होता, आणि त्याने काही फरक पडला नाही. ही अळी समुद्रातच माशात शिरते, शिळेपणाशी तिचा संबंध नाही. उलट माशाचं पोट लवकर साफ केलं तर बरं, कारण आतड्यातून ती मांसाकडे सरकू शकते. पेरूच्या किनाऱ्यावर आणखी एक पाहुणा आहे, समुद्रसिंहांच्या पोटात वाढणारा फीतकृमी, तोही कच्च्या माशातून माणसात येतो.

सेन्योराला फोटो दाखवला. "काढून टाकायचं आणि खायचं, सत्तर वर्षं खातेय." तिच्या सत्तर वर्षांचा मान राखून, तिच्या आठ पाहुण्यांची जबाबदारी माझी.

३ जून, मंगळवार

अळीवर दोनच उपाय: उष्णता किंवा थंडी. उष्णता वापरली तर ते सेविचे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम असा, की उणे २० अंश किंवा त्याखाली सात दिवस. किंवा उणे ३५ ला घट्ट गोठवून तिथेच पंधरा तास. दुसऱ्यासाठी लागणारं यंत्र घरात नसतं.

माझ्या फ्रीझरमध्ये काट्याचा थर्मामीटर ठेवला. उणे १६. सहज उघडबंद केल्यावर उणे १३. म्हणजे 'फ्रीझरमध्ये ठेवला होता' हे वाक्य माझ्या घरात तरी निरर्थक आहे.

५ जून

मटार, खोबरं, आईने पाठवलेल्या आमसुलांची पिशवी, सगळं बाहेर. बर्फाचा थर खरवडला. कळ शेवटच्या आकड्यावर. रात्री उणे २२, सकाळीही उणे २२. दारावर चिकटपट्टीने कागद लावला: उघडू नये. मी एकटीच राहते. तरीही लावला.

७ जून

कोरविनाची अर्धा किलो तुकडी, कोरडी पुसून, दोन सेंटिमीटर जाडीची पट्टी करून, हवा काढून पिशवीत. पातळ पसरली की लवकर गोठते आणि बर्फाचे कण लहान राहतात, मांस कमी फाटतं. आतलं तापमान उणे २० ला पोचल्यावर दिवस मोजायला सुरुवात.

१५ जून, रविवार

सात दिवस भरले. काल रात्री पिशवी खालच्या कप्प्यात उतरवली, आज सकाळी सुटली. पाणी सुटलंच, दोन चमचे. कागदाने दाबून टिपलं. तेवढं पाणी राहिलं असतं तर रस पातळ झाला असता.

चव? ताज्यापेक्षा थोडी मऊ. शेजारी ताजी ठेवून खाल्ली तर कळेल, नाहीतर नाही. मला चालतं.

मग 'लेचे दे तिग्रे', वाघाचं दूध. कोरविनाचे उरलेले बारके तुकडे (तेही त्याच पिशवीतले), अर्धी लसणीची पाकळी, आल्याची चकती, सेलेरीची काडी, कांद्याची एक फोड, मीठ, लिंबाचा रस आणि चार बर्फाचे खडे, मिक्सरमध्ये तीस सेकंद, मग गाळून. बर्फ दोन कामं करतो. मिक्सरच्या पात्याने रस तापत नाही, आणि आंबटपणाची धार थोडी बोथट होते. पांढरं, दाटसर, सोलकढीच्या जवळचं काहीतरी. इथे ते छोट्या पेल्यात वेगळं पितात, रात्रीच्या पार्टीनंतर सकाळी उतारा म्हणून विशेष. मी दोन पेले प्यायले, उतरवायला काही नसताना.

१८ जून

सेन्योराकडे संध्याकाळी. माझ्या फ्रीझरच्या कागदावरून चेष्टा झाली, आणि मग तिनेच १९९१ चा विषय काढला. त्या जानेवारीत चांकाय आणि चिंबोते या बंदरांत पटकी (कॉलरा) सुरू झाली आणि देशभर पसरली. वर्षभरात तीन लाखांहून जास्त रुग्ण, सुमारे २,९०० मृत्यू. सेविचे खाऊ नका असं सांगितलं गेलं, मासळी कोणी घेईना, कोळ्यांच्या चुली थंडावल्या. तेव्हा अध्यक्ष फुजिमोरी यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर कच्चा मासा खाऊन दाखवला. तिच्या नवऱ्याने मात्र वर्षभर घरात सेविचे होऊ दिलं नाही. रोग पसरवण्यात न उकळलेल्या पाण्याचा वाटा फार मोठा होता, माशाची बदनामी जास्त झाली.

लिंबाचं आम्ल पटकीच्या जंतूला बऱ्यापैकी मारतं, हे खरं. म्हणून मी लिंबाला सरसकट नावं ठेवत नाही. पण सगळे जंतू पटकीचे नसतात, अळी तर नसतेच, आणि गोठवणं जंतूंना फक्त झोपवतं. शेवटी उरतं ते हात, पाट, सुरी आणि थंडी. आता माशाचा पाट वेगळा आहे, निळा.

पाहुण्यांत तिची नात आहे, सहावा महिना. तिला कच्चा मासा द्यायचा नाही, यावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. तिचे तुकडे उकळत्या मिठाच्या पाण्यात पूर्ण शिजवून, गार करून, मग लिंबात. तिचा वाघ, म्हणजे लेचे दे तिग्रे, माशाशिवाय.

१९ जून, गुरुवार

सुट्टी टाकून धक्क्यावर. दोन कोरविना, साफ केल्यावर पावणेदोन किलो तुकडी. दुपारी दोनला पिशव्या फ्रीझरमध्ये, रात्री दहाला आतलं तापमान उणे २१. २७ च्या सकाळी पुरे सात दिवस होऊन वर काही तास.

२१ जून

मासा नाही, बाकी सगळ्याची तालीम. आहि लिमो ही हाबानेरोच्या कुळातली: वास संत्र्याच्या सालीचा, तिखटपणा लवंगीला लाजवेल. बिया आणि शिरा काढून, अगदी बारीक. निम्मी मिरची वाडग्याला आतून नुसती चोळायची ही सेन्योराची युक्ती. हात साबणाने धुतले, तरी नंतर डोळ्याला लावले. अर्धा तास वाया.

कांदा उभा, केसासारखा पातळ, बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं, निथळून. रताळं उकडताना पाण्यात थोडी साखर घालतात. मी घातली नाही, रताळं आधीच गोड असतं.

२०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने सेविचे करण्या-खाण्याच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हे सांगितलं तर सेन्योरा म्हणाली, "मग आता तरी मीठ नीट घाल."

२८ जून, शनिवार

९:०० मासा रात्रीच खालच्या कप्प्यात उतरवला होता. सुटला, टिपला, तुकडे केले, काचेचा वाडगा बर्फाच्या परातीत ठेवून त्यात.
११:३० नातीचे तुकडे शिजवून गार.
१२:४० लिंबं. एकावन्न. तिघींनी मिळून. एकेकदाच दाबून, आणि या वेळी फोडी टाकतानाही काही वाटलं नाही (लोणच्याची बरणी भरलेली आहे).
१:०५ माशाला मीठ, मिरची. दोन मिनिटं.
१:०७ रस, वाघाचं दूध, तीन बर्फाचे खडे. हलक्या हाताने ढवळलं. बर्फ काढले. कांदा, कोथिंबीर.
१:१४ पानात.

सातव्या मिनिटाला वाढलं. कड पांढरी, आत काच. कोणी काही बोललं नाही, चमच्यांचा आवाज आला. नातीने तिच्या शिजवलेल्या ताटातून नवऱ्याच्या ताटाकडे दोनदा हात नेला, दोन्हीदा सेन्योराने मारला. गोठवलेला मासा आहे हे आठांपैकी कोणालाही ओळखता आलं नाही. सांगितल्यावर एक काका म्हणाले, वाटलंच होतं.

सेन्योराने पानातला उरलेला रस चमच्याने पुसून प्यायला आणि म्हणाली, "मीठ कमी." चाखून पाहिलं. खरंच कमी होतं. किलोला पंचवीस ग्रॅम पाहिजे, मी वीस घातलं होतं.

२९ जून, रविवार

सान पेद्रोचा दिवस, कोळ्यांच्या संताचा. चोर्रियोसला त्याची मूर्ती होडीत घालून समुद्रात नेतात; मागे सगळ्या होड्या, फुलं, भोंगे. आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. तिकडे जूनच्या बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्र खवळलेला. ती बराच वेळ बघत राहिली, म्हणाली नारळी पौर्णिमेला अजून सव्वा महिना आहे. मग विचारलं, पोट बरं आहे ना गो?

बरं आहे. फ्रीझरची कळ मधल्या आकड्यावर आणली, दारावरचा कागद काढला, मटार आणि आमसुलं परत आत.